जाळं जड लागलं की

जाळ्यात माशाऐवजी भलतंच काहीतरी आलंय, हे डोळ्यांच्या आधी हातांना कळतं. तंगुसाचं (नायलॉनच्या बारीक धाग्याचं) कांडाळ, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडलेलं जाळं, ओढताना सुरमई असेल तर दोराला झटके बसतात, थांबतात, पुन्हा बसतात. पाकट, म्हणजे चपटा, काटेरी शेपटीचा मासा, असेल तर भिजलेलं घोंगडं ओढल्यासारखं सपाट, मुकाट वजन येतं. कासव जिवंत असेल तर दोर हळूहळू सैल पडतो, मग एकदम खाली खेचला जातो, कारण ते श्वासासाठी वर यायला बघतं आणि जाळ्याची खालची, शिशाच्या वजनाची बाजू त्याला खाली ओढते. जेलीफिश भरली असेल तर जाळ्यातलं पाणी निथळत नाही आणि दोर बुळबुळीत लागतो. आणि दोर ताठ होऊन होडीच त्याच्याकडे वळायला लागली, तर खाली खडक आहे किंवा बुडालेला सांगाडा. तिथे ओढून जाळंच फाटतं. होडी फिरवून उलट बाजूने, आलं त्या दिशेने सोडवायचं.

म्हणून पहिला नियम: जाळं तरंगत ठेवणाऱ्या चार-पाच बोया एकत्र बुडालेल्या दिसल्या की इंजिन न्यूट्रलला टाका आणि जाळं वर घ्यायचं थांबवा. एकाने पुढे वाकून पाण्यात बघायचं. जे आहे ते पाण्यात असेपर्यंत पर्याय पुष्कळ असतात. होडीच्या फळीवर आलं की दोनच उरतात, आणि बऱ्याचदा दोन्ही महागात पडतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पट्ट्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं), कांडाळ आणि ट्रॉल (बोटीमागे ओढायचं) या तिन्ही प्रकारच्या जाळ्यांत जे अनपेक्षित येतं, त्याचं काय करायचं ते इथे लिहितो आहोत. प्रवाहात बांधून ठेवायच्या डोल जाळ्याची तऱ्हा वेगळी, ती इथे घेतलेली नाही.

होडीवर दोन सुऱ्या हव्यात. एक नाळीशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, एक इंजिनाजवळ. पातं सहा-सात इंचांचं, टोक बोथट, मुठीला भडक रंगाची दोरी. टोकदार कोयत्याने जाळं कापायला गेलं की लाटेबरोबर टोक प्राण्याच्या अंगात जातं, नाहीतर आपल्या. बांबूची सात-आठ फुटी काठी, जाड रबरी हातमोजे, एक गोणपाट आणि बादली, एवढं सामान शंभर वेळा पडून राहतं. एकशेएकाव्या वेळी लागतं.

कासव

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त येतं ते ऑलिव्ह रिडले. वाढलेल्या मादीची पाठ दोन-सव्वादोन फुटांची, वजन पस्तीस ते पन्नास किलो. नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा काळ. तेव्हा वेळास, आंजर्ले, गुहागर, तांबळडेग, वायंगणी अशा किनाऱ्यांसमोर उथळ पाण्यात ती घुटमळत असतात आणि जाळीही नेमकी तिथेच टाकलेली असतात. हिरवं कासव त्या मानाने कमी, चोचवालं हॉक्सबिल आणखी कमी.

कासव निवांत असेल तर पाण्याखाली बराच वेळ काढतं. जाळ्यात धडपडताना मात्र त्याचा प्राणवायू भराभर संपतो. म्हणून संध्याकाळी टाकून पहाटे ओढलेल्या कांडाळीत किंवा अडीच-तीन तास ओढलेल्या ट्रॉलच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, आलेलं कासव मेल्यासारखं दिसतं. दिसतं म्हणून मेलेलं असतंच असं नाही, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते: मेलं म्हणून ते तसंच पाण्यात सोडतात. बेशुद्ध कासव पाण्यात पडलं की नक्की बुडतं.

होडीवर घेताना पुढची वल्ही, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, धरून उचलू नका, सांधा निखळतो. दोघांनी दोन बाजूंनी उभं राहावं. एक हात मानेच्या मागे पाठीच्या कडेला, दुसरा शेपटीच्या वर. उताणं तर कधीच ठेवायचं नाही, कारण मग आतड्यांचं सगळं वजन फुप्फुसांवर येतं. पोटावर ठेवा आणि मागची बाजू अर्धा-एक फूट उंच करा. खाली गुंडाळलेला दोर किंवा जुना टायर चालतो. डोकं उताराला आलं की तोंडातून पाणी गळायला लागतं. सुरुवातीला धार असते, मग लाळेसारखे धागे येतात. आता पाठीची एक कड तीन-चार इंच उचलायची, खाली ठेवायची, मग दुसरी, सावकाश डोलवल्यासारखं. थोड्या थोड्या वेळाने हे पुन्हा करायचं. मध्ये मध्ये पापणीला किंवा शेपटीला बोटाचा हलका स्पर्श करून बघायचा. पापणी किंचित आक्रसली तर जीव आहे. पाठीवर ओलं गोणपाट घाला, नाकपुड्या उघड्या ठेवा, सावली करा. बादलीभर पाण्यात डोकं बुडवायचं, तोंडात पाणी ओतायचं, छातीवर पाय देऊन दाबायचं, हे सगळे प्रकार बघायला मिळतात आणि सगळे चुकीचे आहेत.

किती वेळ लागेल? चार तासही लागतात, चोवीसही. पहिला श्वास एकदम येतो: मान लांब होते, तोंड उघडतं, फुस्स आवाज येतो आणि पुन्हा मिनिटभर काही नाही. त्या एका श्वासावर लगेच सोडायचं नाही. डोकं स्वतः उचलून धरेपर्यंत आणि वल्ही मारायला लागेपर्यंत ठेवायचं. सोडताना आपलं जाळं पाण्याबाहेर हवं आणि इंजिन न्यूट्रलला. मागच्या बाजूने, डोकं पुढे करून, पाण्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेऊन सोडायचं. वरून फेकायचं नाही.

गरी गिळलेली असेल तर ओढायची नाही. दिसत असेल आणि बाहेरून पकडता येत असेल तर पक्कडीने काटा मोडून काढावी. आत गेली असेल तर तंगूस तोंडापाशी जमेल तितका आखूड कापावा. लोंबणारा हातभर धागा आतड्यात गुंतला की गरीपेक्षा तोच जास्त घात करतो.

आमच्याकडे कासवाला हळद-कुंकू लावून, नारळ देऊन सोडायची पद्धत आहे. लावा जरूर, फक्त डोळ्यांत आणि नाकात जाऊ देऊ नका. पाठीवर बसवून पोरांचे फोटो काढणं मात्र बंद व्हायला हवं.

वल्ह्यावर धातूची पट्टी दिसली तर ती काढायची नाही. नंबर आणि दोन्ही बाजूंचा फोटो घेऊन वनखात्याला कळवायचं. मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर 03233 क्रमांकाची पट्टी लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली, हे कळलं ते अशाच एका नंबरामुळे. पूर्वेकडची कासवं पश्चिम किनाऱ्यावर येत नाहीत, असंच तोवर पुष्कळजण मानत होते. काही माद्यांच्या पाठीवर छोटा उपग्रह ट्रान्समीटर चिकटवलेला असतो. 2022 साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाच माद्यांना असे लावले होते. तोही जागचा हलवायचा नाही.

व्हेल शार्क

नावात शार्क असली तरी ही मुशी चावत नाही. तोंड उघडून पाणी गाळते आणि त्यातले बारीक जीव खाते. धोका तिच्या शेपटीचा असतो. पाच-सहा मीटरच्या जनावराचा एक फटका होडीची फळी फोडायला पुरतो. 2001 पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. ठिपकेदार पाठ आणि रुंद, चपटं डोकं दिसलं की दुसरा विचार करायचा नाही, सोडवायलाच लागायचं.

रापणीत आली तर बहुधा जाळं कापावंच लागत नाही. रापण म्हणजे किनाऱ्याला दोन्ही टोकं असलेलं अर्धवर्तुळ. ओढणं दोन्ही बाजूंनी थांबवायचं. लहान होडी बाहेरच्या कडेला न्यायची आणि मधल्या वीस-पंचवीस वावांत (एक वाव साधारण सहा फूट) भेंड्यांचा, म्हणजे वरच्या तरंगत्या बाजूचा, दोर दोघा-तिघांनी दाबून पाण्याखाली धरायचा. वर मोकळी वाट दिसली की ती स्वतःच बाहेर जाते. घाई करून मागून हुसकावलं तर घाबरून जाळ्यात घुसते, मग कापण्याशिवाय गत्यंतर नाही. थोडी तारली-पेडवे अशी बारीक मासळी जाईल, जाऊ दे.

कांडाळीत गुंतली तर कापावं लागतं, पण कुठे कापायचं ते ठरवून. भेंड्यांचा दोर आणि शिशाचा दोर शक्यतो तोडू नका. मधला जाळीचा पडदा डोक्याच्या बाजूने उभा चिरत न्या. दोर शाबूत राहिला तर जाळं नंतर भरून काढता येतं. दोर तुटला तर उरलेलं जाळं वाहून जातं, आणि ते बेवारस जाळं पुढचे कित्येक महिने मासे मारत फिरतं. कल्ल्यांच्या फटींत तंगूस अडकलेला असेल तर तो आधी मोकळा करा. शेपटीला दोर बांधून मागे ओढायचा मोह होतो. मुशीला उलटं ओढलं की कल्ल्यांतून पाणी उलट्या दिशेने जातं आणि ती गुदमरते. कोणीही पाण्यात उतरून शेपटीच्या बाजूला जायचं नाही. पोहणारे दोघे असले तरी दोघे डोक्याच्या बाजूलाच.

करवत मासा आता फारच क्वचित येतो. करवतीचे दात जाळ्यात असे अडकतात की सोडवणारा वैतागून करवतच मोडतो. तोही पहिल्या अनुसूचीत आहे. ओल्या गोणपाटात करवत गुंडाळून, एकेक आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, कापत जाणं हाच मार्ग.

गादा

डॉल्फिन, आमच्याकडे गादा, फुप्फुसाने श्वास घेतो. त्यामुळे त्याचं नाक, म्हणजे डोक्यावरचं भोक, पाण्याच्या वर ठेवणं एवढंच पहिल्या मिनिटाचं काम. अंगावर पाणी घालायला हरकत नाही, भोकात जाऊ द्यायचं नाही. शेपटी आणि पुढची वल्ही मोकळी करून त्याला होडीच्या कडेला सरळ धरायचं, दोन-तीन श्वास होऊ द्यायचे, मग सोडायचं. पाठीवर पर नसलेला, शिशासारख्या रंगाचा लहान गादा दिसला तर तो फिनलेस पॉरपॉइज. त्यालाही हेच.

फळीवर पडलेला ढीग

खोला उघडून ढीग पडला की अनोळखी गोष्टी हाताला लागायला लागतात. बहुतेक अपघात इथेच होतात, मोठ्या जनावरांपाशी नाही. हातमोजे न घालता ढिगात हात घालणारा खलाशी कितीही जुना असला तरी चुकतोच.

समुद्री साप मालवणच्या आसपास रापण, कांडाळ, ट्रॉल तिन्हींत येतात. शेपूट वल्ह्यासारखी चपटी, हीच ओळख. अर्धमेले असतात म्हणून लोक त्यांना पायाने सरकवतात, आणि चावे नेमके बोटांना नाहीतर घोट्याला होतात. काठीने किंवा फावड्याने उचलून पाण्यात टाकायचं, बस. चावा दुखत नाही. बारीक ठिपके दिसतात किंवा दिसतही नाहीत. मग अर्ध्या तासापासून काही तासांत अंग दुखायला लागतं, जबडा आणि मान जड होते, डोळे मिटायला लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं आपल्याकडचं प्रतिविष समुद्री सापावर उपयोगी पडत नाही. त्यामुळे चावलेला हात-पाय रुंद पट्टीने लपेटायचा, फळी बांधून हलू द्यायचा नाही आणि माणसाला जिथे कृत्रिम श्वासाची आणि डायलिसिसची सोय आहे अशाच रुग्णालयात न्यायचं. चिरा पाडणं, चोखणं, चालवत नेणं यात फक्त वेळ आणि जीव जातो.

पाकटाचा काटा शेपटीच्या मुळाशी असतो, टोकाशी नाही. पाकट पालथं ठेवून फळीने शेपूट दाबली की मग काम सोपं. लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवायची. साधारण 45 अंश पुरे, त्याहून जास्त गरम पाण्याने भाजतं, म्हणून पाणी आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने बघायचं. विष उष्णतेने मरतं आणि कळ उतरते. शिंगाळा या मिशावाल्या माशाच्या काट्यालाही हाच उपाय. काटा छाती-पोटात घुसला असेल तर ओढून काढायचा नाही, तसाच डॉक्टरांकडे.

गोल, चपटा, तपकिरी, पाकटासारखाच पण शेपूट जाड असा मासा हातमोज्याशिवाय उचलला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, तर तो करंट मासा. ओला दोर आणि लोखंडी आकडा दोन्हींतून धक्का येतो. कोरड्या लाकडाने सरकवा.

केंड मासा फुगतो, पोरांना गंमत वाटते. आमच्या दृष्टीने तो दोनदा वाईट. चोचीसारख्या दातांनी तंगूस कुरतडतो, अडकलेलं म्हाकूल अर्धं खाऊन ठेवतो, आणि त्याचं यकृत, गाबोळी, कातडी यांतलं विष शिजवून, तळून, सुकवून काही केल्या जात नाही. ओठ-जीभ बधिर होण्यापासून सुरू होऊन श्वास बंद होण्यापर्यंत मजल जाते. त्याला ताज्या माशांच्या टोपलीपासून वेगळं काढा, सुकवणीच्या ओट्यावर येऊ देऊ नका, मांजर-कोंबड्यांनाही घालू नका.

नक्षीदार, निमुळता शंख ढिगात चमकतो आणि हात खिशाकडे जातो. कोन शंख असेल तर त्याच्या अरुंद टोकातून विषारी सुई बाहेर येते आणि खिशाचं कापडही तिला अडत नाही.

या सगळ्यात आम्हाला आजही थांबवणारी गोष्ट म्हणजे शिंगाळ्याचं तोंड. मोठा शिंगाळा फळीवर आपटला की तोंडातून पिवळसर, गोटीएवढी अंडी घरंगळतात आणि दांडीपासून नाळीपर्यंत पसरतात. हे त्याने खाल्लेलं नसतं. नर मादीची अंडी तोंडात धरून उबवतो आणि तेवढे आठवडे स्वतः काही खात नाही. पोट उघडलं तर ते रिकामं, चिकटलेलं असतं. काही अंड्यांत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात, क्वचित अंड्याला पिवळी पिशवी लटकलेलं पोरच हातावर वळवळतं. एका खोल्यात असे पन्नास नर आले म्हणजे पुढच्या सालची किती पिढी गेली, ते मोजायला कॅलक्युलेटर लागत नाही. जिवंत असलेला नर लगेच पाण्यात टाकता येतो. सांडलेली अंडी मात्र पाण्यात परत टाकून जगत नाहीत.

जेलीफिश भरलेला खोला ओढायच्या नादात फाटतो. मागची गाठ पाण्यातच सोडून रिकामा करा. अंगावर लागलं तर चोळू नका, गोडं पाणी नको. समुद्राच्या पाण्याने धुऊन धागे काठीने काढा. वाळलेले धागेही पुन्हा ओले झाले की डंख मारतात, म्हणून जाळं गुंडाळून ठेवण्याआधी खाऱ्या पाण्याने धुवायचं. वाळल्यावर जाळं झटकलं तर धूळ डोळ्यांत जाते, आणि ती कळ दोन दिवस राहते.

नशीब आणि कचरा

अनपेक्षित म्हणजे नेहमी संकट नसतं. ऑगस्ट 2021 मध्ये पालघरच्या मुरब्याच्या बोटीला 157 घोळ मासे एकाच फेरीत मिळाले आणि लिलावात सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये आले. पैसा मांसाचा नसून बोताचा, म्हणजे आतल्या हवेच्या पिशवीचा. त्यामुळे मोठा घोळ आला तर होडीवर पोट फाडायची घाई नको. बोत कण्याला चिकटून असतं, सुरी दोन बोटं जास्त आत गेली की भोक पडतं आणि भाव निम्म्यावर येतो. आकडा पोटात मारू नका, भरपूर बर्फ घाला, मासा अख्खाच बंदरावर आणा.

करड्या रंगाचा मेणासारखा ढेकूळ तरंगताना दिसला की सगळ्यांचे डोळे चमकतात. पुष्कळदा तो जहाजाच्या टाक्या धुऊन टाकलेलं पॅराफिन किंवा पाम तेल निघतो. आणि खरोखर व्हेलची उलटी (अंबरग्रीस) असलीच तरी ती बाळगणं-विकणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. फोटो काढा, वनखात्याच्या 1926 वर कळवा आणि गावात त्याची चर्चा करू नका. घ्यायला येणारे व्यापारी फोनआधीच पोचतात.

डांबराचे गोळे मे-जूनमध्ये येतात. जाळं उन्हात पडू देऊ नका, डांबर पातळ होऊन आत मुरतं. थंड असतानाच खरवडून मग रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं. बंद पिंप, कंटेनर, धातूची अनोळखी वस्तू आली तर वर घेऊच नका. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली, त्यात पाण्यात पडलेल्या कंटेनरांत कीटकनाशकंही होती. जीपीएसवर जागा नोंदवून दोर कापा आणि सागरी पोलिसांच्या 1093 किंवा तटरक्षक दलाच्या 1554 वर सांगा.

कापलेल्या जाळ्याचे पैसे

संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर राज्यात 2018 च्या अखेरीपासून भरपाईची योजना आहे, कमाल 25,000 रुपये. अर्ज अडतो तो बहुधा पुराव्यावर. सुरी काढण्याआधी एकाने फोन काढायचा. पहिल्या दृश्यात प्राणी जाळ्यात गुंतलेला आणि होडीचा नोंदणी क्रमांक एकत्र दिसला पाहिजे, दुसऱ्यात कापणं, तिसऱ्यात प्राणी पोहत जाताना. पुष्कळांचा व्हिडिओ सुरूच होतो प्राणी गेल्यावर, आणि मग फाटकं जाळं कशाने फाटलं हे सिद्ध होत नाही. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत वेळ आणि जागेची नोंद उरत नाही. जाळ्याचं बिल, नौकेचा परवाना, नोंदणी आणि बँक पासबुकाच्या प्रती एका प्लास्टिक पिशवीत कायम घरी तयार असाव्यात.

कापलेला तुकडा समुद्रात टाकू नका, घरी आणा. तो पुराव्यालाही लागतो आणि दुरुस्तीलाही. भोकाच्या कडा आधी सरळ रेषेत कापून घ्यायच्या, मग त्याच आसेचा नवा तुकडा मोजून बसवायचा. आस एक सुताने जरी मोठी-लहान झाली तरी त्या जागी जाळं ताणलं जातं आणि पुढच्या फेरीला तिथूनच उसवतं. आणि हो, त्या सुऱ्या गोड्या पाण्याने धुऊन, खोबरेल लावून परत जागेवर.